ऐंशी लिटर पाणी आणि पद्माक्कांचा ट्रेलर

तुम्ही नेमकं काय करता, असं लग्नाकार्यात कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. डॉक्टर म्हणतो डॉक्टर, वकील म्हणतो वकील. मी काय सांगू? दहा-बारा फूट लांब, सहा फूट रुंद असं एक छोटं घर, खाली दोन चाकं, पुढे एक लोखंडी दांडा. तो दांडा मोटारीच्या मागच्या हुकात अडकवायचा आणि घर ओढत फिरायला जायचं. याला ट्रेलर म्हणतात, हौशी मंडळी कॅरॅव्हान म्हणतात. लोक तो हौसेने घेतात आणि आठ दिवसांत त्यांना वाटायला लागतं की यात हे हवं होतं आणि ते नको होतं. मग ते माझ्या शेडमध्ये येतात. एवढं सगळं ऐकून विचारणारा म्हणतो, "म्हणजे सुतारकाम?" मी म्हणतो, "सरी, सुतारच समजा," आणि पानात वाढलेल्या भाताकडे वळतो.

आमचं घराणं बेंगळुरूचंच. तीन-चारशे वर्षांपूर्वी पूर्वज फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहूनच गेलं. घरात मराठी बोलतो, पण तिच्यात 'बरं'च्या जागी कानडी 'सरी' येतं आणि ती ऐकून पुण्याची माणसं गालात हसतात. वडील मल्लेश्वरमच्या घरांसाठी पलंग आणि कपाटं करायचे. मी आनेकलच्या वाटेवर शेड घातली आणि तीस वर्षं बसगाड्यांच्या आणि लॉऱ्यांच्या बॉड्या बांधल्या. पुढे बसगाड्या कारखान्यातूनच तयार होऊन यायला लागल्या. मी आणि माझा वेल्डर रफीक दोघेच शेडमध्ये चहा पीत बसायचो. अशाच एका दुपारी एक संगणकवाला पहिला ट्रेलर ओढत घेऊन आला आणि म्हणाला, "अंकल, याला खिडकी मोठी करून मिळेल का?" तिथून हा धंदा सुरू झाला.

गिऱ्हाइकं एकेक नग असतात. पुण्याहून आलेलं एक तरुण जोडपं होतं. त्यांना आत कॉफीचं यंत्र, दोन मोठे पडदे असलेलं टेबल आणि कपडे वाळवायचं मशीन हवं होतं. "काका, बेसिकली आम्हाला मिनिमल राहायचंय," असं ती मुलगी म्हणाली. सहा महिन्यांनी दोघं परत आले ते सगळं काढून फक्त एक मोठी गादी घालून घ्यायला. देवनहळ्ळीकडचे एक गृहस्थ होते. त्यांनी ट्रेलरला गॅलरी लावून घेतली, झुंबर लावून घेतलं आणि शेताच्या बांधावर उभा करून तिथे प्लॉट विकायचं ऑफिस थाटलं. दोन वर्षांनी मी चाकं बघायला गेलो तर चाकांना मुंग्यांचं वारूळ लागलं होतं आणि खाली कोंबडी उबवणीला बसली होती. मालक म्हणाले, "ती उठेपर्यंत थांबा."

या धंद्यात गोष्ट एकच शिकायची असते, बाकी सगळं हातोडी शिकवते. ज्यांनी बैलगाडी पाहिली असेल त्यांना ती लगेच कळेल. गाडीत ओझं मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, म्हणजे मागे कलते आणि पुढचं जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. ट्रेलरचंही तेच. वजन चाकांच्या थोडं पुढे हवं, म्हणजे दांडा मोटारीच्या हुकावर दाबून बसतो. मागे वजन झालं की हुक हलका होतो आणि वेग आला की ट्रेलरचं शेपूट डावी-उजवीकडे हलायला लागतं. एकदा हललं की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. मी प्रत्येक काम झालं की दांड्याखाली एक लाकडी ठोकळा आणि त्याच्याखाली घरगुती वजनकाटा ठेवून हुकावरचा भार मोजतो. गिऱ्हाईक हसतं, पण मोजल्याशिवाय मी गाडी सोडत नाही. पद्माक्कांच्या ट्रेलरच्या वेळीही मी मोजलं होतं. तरी चूक झाली, ती कशी झाली ते सांगायलाच हा लेख लिहायला बसलो आहे.

पद्माक्का मल्लेश्वरमच्या. वय शहात्तर, अंगाने काडी, आवाज मात्र खणखणीत. आमच्या वडिलांनी त्यांच्या लग्नात पलंग करून दिला होता, म्हणून त्या मला लहानपणापासून 'अरे नागोजी' म्हणतात. घरात कडक सोवळं. बाहेरचं अन्न नाही आणि बाहेरचं पाणी तर नाहीच. परसातल्या विहिरीचं पाणी स्वतः शेंदायचं, तेच प्यायचं, त्यातच स्वयंपाक करायचा. त्यांची धाकटी बहीण इंदू तंजावरला दिलेली. दोघींची भेट होऊन अकरा वर्षं झाली होती. पूर्वी अक्का प्रवासात उपास करायच्या आणि तंजावरला पोहोचून आंघोळ करून जेवायच्या. पण साखरेचं दुखणं लागल्यावर डॉक्टरांनी उपास बंद केले. उपाशी राहायचं नाही आणि बाहेरचं खायचं नाही, म्हणजे घरातून हलायचंच नाही. इंदूबाईंच्या गुडघ्यांची गत अशी की त्यांनाही येता येईना. फोनवर दोघी रोज बोलायच्या. शेवटी शेवटी इंदूबाई फोनवर नुसत्या रडायला लागल्या, असं श्रीधरने मला सांगितलं.

श्रीधर हा अक्कांचा एकुलता एक मुलगा, इंजिनियर, गुणी माणूस. त्याने जुना छोटा ट्रेलर विकत घेतला आणि माझ्याकडे आणून उभा केला. "नागोजीअण्णा, यात अम्माचं स्वयंपाकघर करून द्या. तिचं सोवळं तिच्याबरोबर तंजावरला गेलं पाहिजे."

मला काम मनापासून आवडलं. ओटा अक्कांच्या कमरेच्या उंचीचा केला. देवासाठी एक कोनाडा केला आणि त्याला पितळी कठडा लावला, म्हणजे खड्ड्यात देव पडणार नाहीत. सोवळ्याचं लुगडं वाळत घालायला वर काठी बसवली, कुणाचा हात लागणार नाही इतकी उंच. काम बघायला अक्का स्वतः आल्या. सगळं बघून झालं, मान हलवून झाली, आणि मग त्यांनी चाकांच्या वरच्या बाकाखालची पाण्याची टाकी पाहिली. शेजारी पातळ फळी आणि फळीपलीकडे संडास.

"शिव शिव! पाण्याला लागून हे? ते पाणी मी देवाला घालू?"

"अक्का, मध्ये फळी आहे."

"फळी आहे म्हणे! जितकं लांब नेता येईल तितकं ने."

लांबात लांब म्हणजे ट्रेलरचा मागचा कोपरा. ऐंशी लिटरची टाकी, म्हणजे ऐंशी किलो वजन, आणि तेही शेपटावर. मला तेव्हाच कळलं होतं की हे बरं नाही. तोंड उघडायला हवं होतं. पण मल्लेश्वरमच्या त्या घरात माझे वडील दारात उभे राहून 'सरी अक्का' म्हणायचे, तेच माझ्या तोंडून बाहेर पडलं. सोवळ्याच्या बाबतीत आपण काय बोलायचं, असंही वाटलं. टाकी मागे गेली.

भार मोजायच्या दिवशी टाकी भरायला रफीकने नळी आणली, तर श्रीधर धावत आला. "अण्णा, शेडचं पाणी नको. एकदा दुसरं पाणी गेलं की अम्मा ती टाकी वापरायची नाही. निघायच्या दिवशी ती स्वतः विहिरीचं भरणार आहे." मी रिकाम्या टाकीनेच मोजलं. काटा पंचेचाळीस किलो दाखवत होता. जेमतेम, पण चालण्यासारखं. रस्त्यावर ओढून पाहिला, सरळ चालला. टाकीजवळ वाळूची दोन पोती ठेवून मोजायला मला पाच मिनिटं लागली असती. शेडबाहेर वाळूचा ढीगच पडला होता. आजही त्या ढिगाकडे पाहिलं की मला माझीच लाज वाटते.

निघाले त्या दिवशी सकाळी साडेदहाला श्रीधरचा फोन आला. होसूर मागे टाकून पुढच्या उतारावर ट्रेलर डोलायला लागला होता. आधी थोडा, मग मोटारीलाच इकडून तिकडे फेकायला लागला. नशीब की श्रीधरने ब्रेक दाबला नाही. नुसता पाय काढून घेतला आणि स्टिअरिंग घट्ट धरून बसला. रस्त्याकडेच्या मातीत एक चाक रुतलं तेव्हा गाडी थांबली. मागून येणारी लॉरी अंगाला घासून गेल्यासारखी निघून गेली. कुणाला काही झालं नव्हतं.

रफीकच्या व्हॅनमधून आम्ही गेलो. पोहोचलो तेव्हा चिंचेच्या झाडाखाली घडीच्या खुर्चीवर अक्का बसल्या होत्या, हातात जपमाळ होती. मी आधी ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला हात घातला. पंचेचाळीस किलो दाबायला हवा होता तो दांडा मी एका हाताने उचलला. आत पाहिलं तर टाकी काठोकाठ भरलेली, आणि मागच्या कपाटात अक्कांनी आयत्या वेळी दगडी पाटा-वरवंटा ठेवलेला.

श्रीधर घाम पुसत म्हणाला, "बस झालं, अण्णा. आम्ही परत जातो. हा ट्रेलर विकून टाकतो. मावशीला व्हिडिओवर बघेल अम्मा."

अक्कांचे माळेचे मणी ओढायचे थांबले.

मला वाटलं, आता गप्प बसलो तर आपण माणूस नव्हे. मी अक्कांसमोर मातीत बसलो आणि सगळं सांगितलं. टाकी मागे नेली तर धोका आहे हे मला माहीत होतं, भीड पडली म्हणून बोललो नाही, आणि मोजलं ते रिकाम्या टाकीने. "चूक माझी आहे, अक्का. श्रीधरची नाही, तुमचीही नाही."

अक्कांचा आवाज असा चढला की चिंचेवरचे कावळे उडाले.

"तुला ठाऊक होतं? आणि तू सरी अक्का, सरी अक्का करत बसलास? माझं सोवळं काय माझ्या मुलाच्या जिवापेक्षा मोठं आहे? मी म्हातारी झाले म्हणजे मला अक्कल नाही असं ठरवलंत का तुम्ही सगळ्यांनी?"

"नाही, अक्का…"

"आणि ऐंशी लिटर कुणी ठरवलं? मला एका माणसाला दोन दिवसांना पाणी किती लागतं रे? एक घागर! तुम्हा लोकांना हात-पाय धुवायला कुठलंही चालतं. कुणी विचारलं मला? सकाळी विहिरीवर सोळा कळशा ओढल्या मी. कंबर मोडली. मला वाटलं, यंत्रालाच लागत असेल!"

श्रीधर आणि मी एकमेकांकडे बघायला लागलो. खरंच, आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. तीन आठवडे मी टाकीची जागा, नळ, पंप, पंपाची बॅटरी यांत डोकं घातलं होतं आणि तिकडे प्रश्न एका घागरीचा होता.

अक्का उठल्या. आतून तांब्याची घागर आणली, टाकीच्या नळाखाली धरून भरली आणि वर झाकण घातलं. मग मला विचारलं, "बाकीचं सोडायचा नळ कुठला?" मी खाली दाखवला. मी सोडतो म्हटलं तर हात झटकला. स्वतः वाकून नळ उघडला. सकाळी कळशी कळशी करून ओढलेलं पाणी मातीत वाहून जायला पंधरा मिनिटं लागली. त्या तिथेच उभ्या राहून बघत होत्या. मला फार वाईट वाटलं.

रफीकने पाटा-वरवंटा पुढच्या कपाटात हलवला आणि पट्ट्याने आवळला. मी ठोकळा लावून काट्यावर भार मोजला. बासष्ट किलो. "आता बरोबर आहे," मी श्रीधरला म्हणालो.

"मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात, अण्णा."

चाळीस वर्षांत कुणी मला असं बोललं नव्हतं आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मी म्हणालो, "श्रीधर, मग मी चालवतो. आधी इथेच दहा वेळा वर-खाली करून दाखवतो, तोवर अक्का झाडाखाली बसतील. त्यानंतर तंजावरपर्यंत मीच चालवतो. काही झालं तर आधी मला होईल."

"सरी," अक्काच म्हणाल्या. "पण अंगावर दुसरा सदरा नाही तुझ्या."

त्यांना सदऱ्याची काळजी पडली होती. मी त्या उतारावर दहा नाही, बारा चकरा मारल्या. मुद्दाम वेग वाढवला, मुद्दाम स्टिअरिंग जरा हलवलं. ट्रेलर शहाण्या म्हशीसारखा मागून येत राहिला. बाराव्या चकरेनंतर श्रीधर आपणहून शेजारच्या सीटवर येऊन बसला, आणि अक्का मागे, पायांत घागर धरून. रफीक व्हॅन घेऊन परत गेला. जाताना मला त्याची लुंगी आणि एक बनियन देऊन गेला.

साठच्या वर गेलो नाही. सेलम गेलं, नामक्कलजवळ पेट्रोल पंपाच्या मोकळ्या जागेत मुक्काम केला. अक्कांनी आंघोळ उरकून ट्रेलरमध्ये भात आणि सार केलं. श्रीधरला आणि मला बाहेर, खाली पान मांडून वाढलं. जो ओटा मी स्वतःच्या हाताने बांधला त्याच्याजवळ त्या वेळी मला जाता येत नव्हतं, याचं हसूही आलं आणि थोडं टोचलंही. सार मात्र असं होतं की मी तीनदा भात मागून घेतला. अक्का दारातून म्हणाल्या, "पोटभर जेव. उद्याही तुलाच चालवायचंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तंजावरला पोहोचलो. गल्ली अरुंद, ट्रेलर आत नेताना माझी कसोटी लागली. इंदूबाई फाटकाशी वॉकर धरून उभ्या होत्या, सकाळपासून उभ्या होत्या म्हणे. अक्का मोटारीतून उतरल्या. मला वाटलं आता रडारड होणार. अक्का जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "किती वाळलीस गं! सून जेवायला घालत नाही का?" इंदूबाई म्हणाल्या, "आणि तू कोण मोठी पैलवान लागून गेलीस?" मग दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या, आणि तोंडाने भांडण चालूच.

मी संध्याकाळच्या बसने परत निघणार होतो. श्रीधरला पुढे कसं चालवायचं, डोललं तर काय करायचं, ते सगळं नीट शिकवलं होतं. निघायच्या आधी चाकांची हवा बघत होतो तर ट्रेलरमधून हाक आली. "नागोजी! चपला काढून आत ये."

आत दोघी बहिणी बाकावर बसल्या होत्या. इंदूबाईंसाठी श्रीधरने विटांची पायरी केली होती. अक्का म्हणाल्या, "परत गेल्यावर इथे, या बाकासमोर, आणखी एक बाक कर. निजायचा. पुढच्या महिन्यात आम्ही दोघी रामेश्वरला जाणार आहोत. गुडघे दुखले तर दुखले, मुक्कामाला ही आरामात निजेल. आता ओझं किती होईल ते मोज, आणि चालत नसेल तर तोंडावर सांग."

"चालेल," मी म्हणालो. "खरंच चालेल. बाक चाकांवरच येतो. लांबी किती ठेवू?"

"इंदूच्या मापाचा कर. पाय आखडून निजायला नको तिला. माझ्यापेक्षा उंच आहे ती. लहानपणी माझे परकर हिला आखूड व्हायचे."

माझ्या खिशात टेप असतोच. इंदूबाई दाराच्या चौकटीला पाठ लावून उभ्या राहिल्या, एक हात माझ्या खांद्यावर. मी डोक्याशी पेन्सिलीने खूण केली आणि मापलं. चार फूट नऊ इंच.

"छट्," अक्का म्हणाल्या. "नीट मोज. रिकामी टाकी मोजल्यासारखं नको मोजूस."

मी परत मोजलं. चार फूट नऊ इंच. अक्कांना ते पटेना. त्या स्वतः उठल्या, बहिणीला बाजूला बसवलं आणि त्याच चौकटीला पाठ टेकवून ताठ उभ्या राहिल्या. मी त्यांच्या डोक्याशी पेन्सिल टेकवली. ती आधीच्या खुणेवरच टेकली.

अक्का वळून त्या एकाच रेघेकडे बघत राहिल्या. इंदूबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं, "काय गं, किती भरलीस?"

"तुझ्याएवढीच," अक्का म्हणाल्या, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज अगदी लहान झाला. "अकरा वर्षं घालवली आपण, इंदू. तेवढ्यात तू वाकून गेलीस."

मी खाली मान घालून माझ्या वहीत दोघींची नावं लिहिली आणि दोन्ही नावांपुढे तेच माप लिहिलं.